खिशात मावणारी प्रयोगशाळा
हौशी रेडिओचालकांचे स्वस्त अँटेना अ‍ॅनालायझर : पडद्यावरचा आकडा काय सांगतो, काय लपवतो

एकेकाळी केवळ संशोधनसंस्थांना आणि मोठ्या कंपन्यांना परवडणारे अँटेनामापन आता काही हजार रुपयांच्या, तळहातावर मावणाऱ्या उपकरणाने करता येते. हॅम रेडिओच्या छंदात गेल्या काही वर्षांत झालेला हा बहुधा सर्वांत मोठा बदल असावा. मात्र उपकरण स्वस्त झाले म्हणून मापन सोपे झाले, असे नाही.

हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या छंदात पैसा खर्च होतो तो संचावर आणि यशापयश ठरते ते गच्चीवरच्या तारेवर. परवाना हाती आला, महागडा ट्रान्ससीव्हर टेबलावर मांडला, तरी अँटेनाची लांबी चुकलेली असेल, सांध्यावर गंज चढला असेल किंवा केबलमध्ये पावसाचे पाणी शिरले असेल, तर आवाज शेजारच्या जिल्ह्यापर्यंतही धड पोचत नाही. आणि बिघाड डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण. दिवा बिघडला तर विझतो, पंखा बिघडला तर आवाज करतो. अँटेना मात्र बिघडल्यावरही पूर्वीइतक्याच दिमाखात उभी असते.

छंदापुरता हा प्रश्न किरकोळ मानता येईल. पण हॅम रेडिओचे महत्त्व आपत्तीच्या काळात कळते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही हौशी चालक अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कसाधने कोलमडली आणि छंदासाठी उभारलेले हे केंद्र बेटांचा मुख्य भूमीशी असलेला एक महत्त्वाचा दुवा ठरले. अशा वेळी तारेची लांबी बरोबर आहे की नाही, हा प्रश्न छंदाचा राहत नाही.

परत येणारी लाट

ट्रान्समीटरमधून निघालेली ऊर्जा केबलमधून अँटेनापर्यंत जाते. हौशी रेडिओत वापरले जाणारे बहुतेक संच आणि केबली ५० ओहम इम्पिडन्सच्या असतात. अँटेनानेही त्या वारंवारतेला ५० ओहमच्या आसपासचा इम्पिडन्स दाखवला, तर जवळजवळ सगळी ऊर्जा ती स्वीकारते. तसे नसेल तर काही भाग परत फिरतो. जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळून केबलवर स्थिर लहरी तयार होतात आणि त्यांच्या उंचसखलपणाच्या प्रमाणाला स्टँडिंग वेव्ह रेशो, थोडक्यात एसडब्ल्यूआर, म्हणतात. हे प्रमाण १ असेल तर काहीच परतत नाही. १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परतते, २ असेल तर सुमारे ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के.

पूर्वी हे मोजण्यासाठी एसडब्ल्यूआर मीटर केबलच्या मध्ये जोडून प्रत्यक्ष प्रक्षेपण करावे लागे. त्यात दोन तोटे होते. पहिला म्हणजे अँटेना चुकीची असताना पूर्ण शक्ती सोडली, तर संचातील शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका. दुसरा म्हणजे मीटर फक्त 'काहीतरी चुकले आहे' एवढेच सांगतो; तार लांब झाली की आखूड, हे सांगत नाही. अँटेना अ‍ॅनालायझर स्वतःच अतिशय क्षीण संकेत निर्माण करतो, तो अँटेनात सोडतो आणि काय परत आले ते मोजतो. वारंवारता बदलत बदलत तो साऱ्या पट्ट्याचा आलेख काढतो. अँटेना ७.१ मेगाहर्ट्झला हवी असताना ६.८५ ला जुळली आहे, असे दिसले की तार लांब आहे हे लगेच कळते.

पावणेतीनशे डॉलरपासून पन्नास डॉलरपर्यंत

हातात धरण्याजोग्या अ‍ॅनालायझरची कल्पना हौशी मंडळींत रुजवली ती अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिल गावच्या एमएफजे एंटरप्रायझेस या कंपनीने. मार्टिन ज्यू यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे 'एमएफजे-२५९बी' हे मॉडेल अनेक वर्षे जगभरच्या हॅम क्लबांतील सामायिक मालमत्ता होते. १.८ ते १७० मेगाहर्ट्झची मर्यादा, दोन काट्यांचे मीटर, पेन्सिल सेलच्या दहा नगांची भूक आणि अडीचशे-तीनशे डॉलरची किंमत. क्लबमध्ये एकच नग, आणि तो ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे बाकीच्यांच्या खेपा, असा प्रकार असे. कंपनीने स्टार्कव्हिल येथील उत्पादन मे २०२४ मध्ये थांबवले. जुने नग मात्र अजून वापरात आहेत.

या उपकरणाच्या दोन उणिवा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत, कारण पुढच्या पिढीने त्यावरच मात केली. एक, ते रिअ‍ॅक्टन्सचा आकडा दाखवी, पण तो धन की ऋण हे सांगत नसे. वारंवारता थोडी हलवून आकडा वाढतो की घटतो यावरून ते ताडावे लागे. दोन, त्यातील डायोडचे शोधक कोणत्याही वारंवारतेचा संकेत सारखाच पकडत. मध्यमलहरींचे शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र जवळ असेल, तर त्याचीच ऊर्जा अँटेनातून आत येऊन आकड्यांचा विचका करी. शहरांत राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नव्हता.

युक्रेनमधील रिगएक्स्पर्ट कंपनीच्या 'एए' मालिकेने आलेख दाखवणारा पडदा आणि बरीच अधिक अचूकता आणली, पण किंमत खाली आणली नाही. किंमत खाली येण्यास सुरुवात झाली ती घरगुती कारागिरीतून. २०१३च्या सुमारास बेरिक डन या हौशी चालकाने, के६बीईझेड या पुकारनावाने, अर्डुइनोचे छोटे बोर्ड आणि बाजारात स्वस्तात मिळणारे एडी९८५० हे संकेतनिर्मितीचे मॉड्यूल जोडून अत्यल्प खर्चात अ‍ॅनालायझर तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. त्यावरून जगभर असंख्य आवृत्त्या बनल्या. दिसायला ओबडधोबड, पण डायपोल जुळवण्यापुरत्या पुरेशा.

नॅनोव्हीएनएचा चमत्कार

खरी कलाटणी दिली ती जपानच्या ताकाहाशी तोमोहिरो यांनी. 'एडी५५५' या नावाने वावरणाऱ्या या अभियंत्याने २०१६ मध्ये नॅनोव्हीएनए नावाचे छोटे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर तयार करून त्याचा आराखडा आणि संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली. तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१९ मध्ये चीनमधील 'ह्यूजेन' या विकासकाने त्यात सुधारणा करून ते तयार स्वरूपात विक्रीस आणले आणि पाहता पाहता जगभरच्या हॅममंडळींच्या खिशात ते जाऊन बसले. किंमत होती पन्नास डॉलरच्या आसपास. 'व्हेक्टर' या शब्दाचे महत्त्व येथे आहे. हे उपकरण परत आलेल्या लाटेचा केवळ आकार नव्हे, तर तिची कलाही मोजते. त्यामुळे रिअ‍ॅक्टन्स धन की ऋण हा जुना प्रश्न निकालात निघाला. याच प्रकारच्या मापनासाठी ह्यूलेट-पॅकार्डसारख्या कंपन्यांची टेबल व्यापणारी यंत्रे प्रयोगशाळांत वापरली जात आणि त्यांच्या किमती हजारो डॉलरच्या घरात होत्या.

एवढे स्वस्त कसे, याचे उत्तर त्याच्या पोटात सापडते. महागडे खास सुटे भाग त्यात जवळजवळ नाहीतच. एसआय५३५१ ही घड्याळ-संकेत देणारी स्वस्त चिप चौरस लहरी निर्माण करते. एसए६१२ हे रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक असलेले मिक्सर त्या लहरींना खाली, काही किलोहर्ट्झच्या पातळीवर आणतात. आणि एकदा संकेत कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात आला, की त्याचे मापन करते ती चक्क ध्वनी-उपकरणांसाठी बनवलेली ऑडिओ कोडेक चिप. म्हणजे रेडिओ लहरींचे मापन येथे ध्वनीच्या साधनाने होते. अरुंद पट्ट्यातच मापन होत असल्याने जवळच्या प्रक्षेपण केंद्राचा त्रासही पुष्कळ कमी होतो. ही युक्ती पाहिल्यावर किंमत एवढी खाली कशी आली, याचे आश्चर्य उरत नाही. एवढी वर्षे ती का आली नाही, याचे मात्र वाटते.

अर्थात स्वस्ताईला मर्यादा आहे. मूळ नॅनोव्हीएनएमध्ये ३०० मेगाहर्ट्झपर्यंत चिपचा मूळ संकेत वापरला जातो. त्यापुढे ९०० मेगाहर्ट्झपर्यंत चौरस लहरीतील गुणित घटकांवर भिस्त असते आणि मापनाचा दर्जा टप्प्याटप्प्याने उतरतो. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या लघुलहरींसाठी आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या दोन मीटर पट्ट्यासाठी ते उत्तम, ४३५ मेगाहर्ट्झच्या परिसरात कामचलाऊ. ज्यांना त्याहून वर जायचे आहे, त्यांच्यासाठी ३ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारी वेगळ्या रचनेची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली. पहिल्या आवृत्तीचा २.८ इंची पडदा भर उन्हात गच्चीवर वाचणे हा डोळ्यांचा व्यायामच ठरतो. चार इंची पडद्याचे 'एच४' हे मॉडेल त्यासाठी थोडे अधिक पैसे देऊन घेण्याजोगे आहे.

खुल्या आराखड्याची एक दुसरी बाजूही आहे. कोणीही बनवू शकतो म्हणून कोणीही बनवतो. काही नकला आतील धातूची आवरणे वगळतात, काहींत बॅटरीच नसते. बाहेरून दोन नग जुळ्या भावंडांसारखे दिसतात. आत एकाचे आकडे स्थिर आणि दुसऱ्याचे डळमळीत. सर्वांत स्वस्त नग शोधण्यात वाचलेले दोन-चारशे रुपये येथे महागात पडतात.

हैदराबादचे 'अँटुइनो'

या कथेत भारताचाही वाटा आहे. हैदराबादचे अशर फरहान, पुकारनाव व्हीयू२ईएसई, हे नाव जगभरच्या हॅममंडळींना परिचित आहे. सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी बनवता येईल असा 'बिटएक्स' हा ट्रान्ससीव्हर त्यांनी २००३ मध्ये मांडला आणि २०१७ मध्ये त्याची सर्व लघुलहरी पट्ट्यांवर चालणारी 'मायक्रोबिटएक्स' ही आवृत्ती आणली. त्याच विचारातून त्यांनी 'अँटुइनो' हे उपकरण तयार केले. अर्डुइनो नॅनो आणि एसआय५३५१ यांवर आधारलेले हे उपकरण अँटेना तपासतेच, शिवाय शक्तिमापक म्हणून आणि फिल्टर तपासण्यासाठीही चालते. ते परतणाऱ्या लाटेचा केवळ आकार मोजते, कला नव्हे. त्या बाबतीत नॅनोव्हीएनए सरस आहे. परंतु आराखडा समजून घेऊन, स्वतः उघडून, हवा तसा बदल करण्याजोगे साधन म्हणून शिकणाऱ्याला ते अधिक देते, असे म्हणावे लागेल.

तार कापण्याआधी

चाळीस मीटर पट्ट्यासाठीचा साधा डायपोल हे नवख्यांचे पहिले लक्ष्य असते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी तारेची एकूण लांबी सुमारे २० मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. पण इमारतीची उंची, जवळचे लोखंडी कठडे, पाण्याच्या टाक्या यांमुळे प्रत्यक्षात ही लांबी बदलते. म्हणून तार मुद्दाम थोडी लांब ठेवतात. समजा, २०.८ मीटर तार बांधली आणि अ‍ॅनालायझरच्या आलेखात सर्वांत खोल दरी ६.८५ मेगाहर्ट्झला दिसली. तर २०.८ ला ६.८५ ने गुणून ७.१ ने भागायचे. उत्तर येते सुमारे २०.०७. म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण ३६ सेंटिमीटर कमी करायचे. शहाणे चालक तार कापत नाहीत, टोक मागे दुमडून पिळून ठेवतात. कापलेली तार परत जोडणे हा पुन्हा एक गंजणारा सांधा. मोजमाप तार तिच्या अंतिम उंचीवर असतानाच घ्यायचे, कारण डोक्याच्या उंचीवर जुळवलेली अँटेना वर चढवली की पुन्हा बदलते.

पूर्वी हेच काम संपूर्ण रविवार खाई. आता ते चहा निवण्याआधी होते.

त्या आधी एक टप्पा मात्र टाळता येत नाही, तो म्हणजे कॅलिब्रेशन. नॅनोव्हीएनएसोबत ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड अशी तीन छोटी टोपणे मिळतात. निवडलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यात ही तिन्ही एकामागून एक जोडून उपकरणाला 'शून्य कोठे' हे शिकवावे लागते. पट्टा बदलला की हे पुन्हा करणे चांगले. महत्त्वाचे म्हणजे, ज्या जागी ही टोपणे जोडली, त्या जागेपासूनच पुढचे मापन खरे धरायचे. केबलच्या वरच्या टोकाला कॅलिब्रेशन केले तर अँटेना दिसते. उपकरणाच्या तोंडाशी केले तर केबल आणि अँटेना यांची सरमिसळ.

खोटे बोलणारी केबल

नवखे फसतात ते नेमके याच जागी, आणि अनुभवीसुद्धा. एक उदाहरण पुरेसे आहे. आठ मजली इमारतीच्या गच्चीवर दोन मीटर पट्ट्याची अँटेना आहे आणि खालच्या घरापर्यंत आरजी-५८ जातीची ३० मीटर केबल आली आहे. १४५ मेगाहर्ट्झला एवढी केबल सुमारे ६ डेसिबल ऊर्जा गिळते. म्हणजे वरपर्यंत जेमतेम चौथा हिस्सा पोचतो. आता वाऱ्याने अँटेना तुटून पडली असे समजू. वर पोचलेली सगळी ऊर्जा परत फिरेल, पण परतीच्या वाटेवर केबल तिच्यातलाही तीन चतुर्थांश भाग गिळेल. घरातल्या अ‍ॅनालायझरला दिसेल तो सोळावा हिस्सा. त्यावरून एसडब्ल्यूआर निघेल सुमारे १.७. पुस्तकी निकषांनुसार हे प्रमाण अगदी चालण्यासारखे! अँटेना जागेवर नाही आणि यंत्र म्हणते, सारे ठीक आहे. यंत्र खोटे बोलत नाही. ते केबलच्या खालच्या टोकाबद्दल खरे बोलते.

कोकणापासून मुंबईपर्यंतच्या पावसात ही गोष्ट केवळ कागदावरची राहत नाही. सांध्याचे सील फुटून पाणी केबलच्या जाळीत शिरले की तिची गळती वर्षागणिक वाढते आणि घरात बसून मोजलेला एसडब्ल्यूआर वर्षागणिक सुधारत जातो. आकडा सुधारला म्हणून समाधान मानणारा चालक प्रत्यक्षात हळूहळू बहिरा आणि मुका होत असतो. याचा शोध लावण्याची युक्ती सोपी आहे. वरचे टोक अँटेनापासून सोडवून मोकळे ठेवायचे, खालून रिटर्न लॉस मोजायचा आणि त्याला दोनने भागायचे. १२ डेसिबल दिसले तर केबलची एकेरी गळती ६ डेसिबल. नवी केबल टाकल्या दिवशी हा आकडा लिहून ठेवला आणि दर ऑक्टोबरात पुन्हा मोजला, तर केबल कधी बदलायची हे विचारायला कोणाकडे जावे लागत नाही. नॅनोव्हीएनएला केबलमधील बिघाड किती मीटरवर आहे, हेही अंदाजे सांगता येते; भिंतीतून गेलेल्या केबलींसाठी ही सोय अमोल आहे.

याच्या उलट टोकाला एसडब्ल्यूआर १.५ वरून १.१ वर आणण्यासाठी आठवडे घालवणारे चालक आहेत. १.५ ला परतणारी ४ टक्के शक्ती म्हणजे ०.२ डेसिबलहूनही कमी फरक. ऐकणाऱ्याच्या कानाला तो जाणवणे शक्य नाही. शिवाय ५० ओहमच्या साध्या डमी लोडचा एसडब्ल्यूआर तंतोतंत १ असतो आणि तो आकाशात काहीच सोडत नाही. आकडा चांगला म्हणजे अँटेना चांगली, हे समीकरण तेथेच कोसळते.

पडद्यावरच्या वर्तुळाकार जाळीला अनेक जण दचकतात. तो स्मिथ चार्ट. बेल लॅबोरेटरीजच्या फिलिप स्मिथ यांनी १९३९ मध्ये तो प्रसिद्ध केला; जपानच्या मिझुहाशी तोसाकू यांनीही जवळजवळ त्याच काळात तशीच मांडणी केली होती. वाचण्याचा सोपा नियम एवढाच की रेघ मध्यबिंदूजवळ आली म्हणजे ५० ओहमशी जुळणी झाली. वरच्या अर्ध्यात असेल तर अँटेना इंडक्टिव्ह, बहुधा लांब. खालच्या अर्ध्यात असेल तर कपॅसिटिव्ह, बहुधा आखूड. मात्र कॅलिब्रेशन अँटेनाच्या मुखाशी झाले असेल तरच, अन्यथा केबल ही रेघ गोल गोल फिरवते.

घेताना आणि वापरताना

फक्त लघुलहरींवरचे डायपोल जुळवायचे असतील आणि गणिताची नावड असेल, तर बटणांचा, सरळ एसडब्ल्यूआर दाखवणारा रिगएक्स्पर्टसारखा मजबूत अ‍ॅनालायझर बरा. किंमत अनेक पटींनी अधिक, पण गच्चीवर, धुळीत आणि घाईत तो चालतो. फिल्टर, केबली, कॉइल असे सगळेच तपासण्याची हौस असेल, तर नॅनोव्हीएनएला पर्याय नाही. चार-पाच मित्रांनी मिळून एक घेण्याचे दिवस मात्र संपले आहेत. आता प्रत्येकाला स्वतंत्र घेणे परवडते.

स्थिर विजेपासून हे उपकरण जपावे लागते. कोरड्या वाऱ्यात किंवा ढग जमले असताना लांब तारेवर विद्युतभार साठतो आणि नाजूक प्रवेशद्वार क्षणात निकामी करतो. म्हणून जोडण्यापूर्वी अँटेनाच्या केबलचा मधला वाहक आणि जाळी क्षणभर एकत्र टेकवून भार उतरवायचा. विजा कडाडत असताना मोजमापाचे नावच काढायचे नाही. संच आणि अ‍ॅनालायझर एकाच स्विचला जोडून ठेवण्याची चूकही टाळावी; चुकून कळ दाबली गेली तर काही वॉटही त्याला पुरेसे आहेत. अ‍ॅनालायझरचा संकेत नगण्य असला, तरी संचावरून प्रक्षेपण करण्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो, हे नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि खरेदीच्या यादीत एक छोटी वस्तू राहून जाते. नॅनोव्हीएनएची तोंडे एसएमए जातीची, नाजूक आणि बारीक असतात. हॅमच्या केबलीची टोके बहुधा जाड पीएल-२५९ जातीची. मध्ये घालण्याचा अ‍ॅडॉप्टर चांगल्या प्रतीचा घ्यावा आणि जड केबल थेट त्यावर लोंबकळू देऊ नये. तोंडाशी एसएमएचा छोटा तुकडा कायमचा लावून ठेवला, तर झीज त्या तुकड्याची होते, उपकरणाची नाही.